प्रोफेसर ‘करू’ म्हणाले, पण ऑफिसला पत्ताच नाही

प्रिय ताई,

मी अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधक) आहे. पीएचडीही इथलीच. बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटवर काम करते. माझा स्टेम ओपीटी, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी, ३१ जुलैला संपतोय. माझे पीआय, म्हणजे लॅबचे प्रमुख प्रोफेसर, दिवाळीपासून म्हणतायत, “काळजी करू नकोस, एच-१बी करू.” म्हणजे नोकरीचा व्हिसा. फेब्रुवारी संपत आला म्हणून मीच आंतरराष्ट्रीय कार्यालयात चौकशी केली, तर माझ्या नावाची एकही विनंती त्यांच्याकडे आलेली नाही! पीआय स्वभावाने चांगले आहेत, पण सतत ग्रँटच्या धावपळीत. पुन्हा आठवण करायची भीड वाटते. ओळखीतले एक काका म्हणतात, स्वतःचा वकील कर, तीन-चार हजार डॉलर भर आणि मोकळी हो. मैत्रीण म्हणते, आता एच-१बीला एक लाख डॉलर लागतात, विद्यापीठ कशाला भरेल? त्यात मे महिन्यात नाशिकला भावाचं लग्न आहे. माझा पासपोर्टवरचा एफ-१चा (विद्यार्थी) व्हिसा दोन वर्षांपूर्वीच संपलाय. आई रोज विचारते, तिकीट काढलंस का? पुढे कंपनीत जाता येईल का आणि ग्रीन कार्डाचं काय, तेही जमलं तर सांगा.

– अधांतरी

प्रिय अधांतरी,

तिकिटाचं आधी सांगते. मेमध्ये जाऊ नकोस. अर्ज मंजूर होऊन तुझा दर्जा एफ-१वरून एच-१बीवर प्रत्यक्ष बदलेपर्यंत अमेरिकेबाहेर पाऊल टाकू नकोस, आणि त्यानंतरही घाईने नको. बहिणीला भावाच्या लग्नाला जाऊ नको म्हणणं मलाही जड जातंय. पण तुझ्या बहुतेक प्रश्नांची गाठ याच जागी बसली आहे, म्हणून इथूनच सुरुवात करते.

मैत्रिणीने ऐकलंय ते अर्धं खरं आहे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एक जाहीरनामा काढला आणि २१ सप्टेंबरपासून दाखल होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर लावले. त्या शनिवार-रविवारी भारतात सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या भावाने परतीची तिकिटं काढत होते, ते आठवत असेल. विद्यापीठांना यातून सूट नाही. पण २० ऑक्टोबरला यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, खुलासा केला, आणि तुझ्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. माणूस अमेरिकेत कायदेशीर दर्जावर राहत असेल, अर्ज दर्जा बदलून मागण्याचा असेल आणि तो बदल मंजूर झाला, तर हे एक लाख लागत नाहीत. असा बदल मंजूर झाल्यावर तो माणूस पुढे कधी बाहेर गेला आणि त्याच मंजुरीवर व्हिसा मागितला, तरीही लागत नाहीत. माणूस बाहेर असेल, किंवा इथे असूनही त्याचा दर्जाबदल नाकारला गेला, तर मात्र लागतात.

आता मेमधलं लग्न यात घालून बघ. समज, विद्यापीठाने एप्रिलअखेर अर्ज दाखल केला आणि निकाल यायच्या आत तू विमानात बसलीस. त्या क्षणी दर्जाबदलाची मागणी तू सोडून दिलीस असं धरलं जातं. उरलेला अर्ज कदाचित मंजूर होईलही, पण तो ‘वकिलातीत जाऊन व्हिसा घ्या’ या प्रकारचा, आणि त्यावर एक लाख डॉलर. कुठल्याही विभागात एका पोस्टडॉकसाठी एवढे पैसे नसतात. राष्ट्रहिताच्या नावाखाली सूट मागता येते, पण ती अगदी विरळा द्यायची असं सरकारनेच लिहून ठेवलंय.

“मग अर्ज जायच्या आधीच पटकन जाऊन येते” असं मनात आलं असेल. तुझा एफ-१ व्हिसा संपलेला आहे. म्हणजे परत येण्यासाठी मुंबईत नवा एफ-१ मागावा लागणार. विद्यार्थी व्हिसा आणि ओपीटीचे जेमतेम दोन-तीन महिने शिल्लक! समोरचा अधिकारी साहजिकच विचारेल की शिक्षण संपलं, मुदत संपत आली, मग परत कशाला? त्याने नाही म्हटलं तर तू बाहेर अडकलीस, आणि बाहेरच्या माणसाच्या नव्या अर्जाचा हिशोब वर सांगितलाच आहे.

तिसरी वाटही पाहून ठेव. अर्ज लवकर दाखल करून, मंजुरी घेऊन, दर्जा बदलल्यावर जायचं. नियमात बसतं आणि लाखाचा प्रश्नही येत नाही. पण परतताना एच-१बीचा व्हिसा पासपोर्टवर लागतो, तो मुंबईतूनच. मुलाखतीशिवाय ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट टाकून काम व्हायचे दिवस सप्टेंबर २०२५मध्ये बहुतेकांसाठी संपले. डिसेंबरपासून एच-१बीवाल्यांचे सोशल मीडिया तपासायला लागले आणि भारतातल्या ठरलेल्या मुलाखती कित्येक महिने पुढे गेल्या. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गेलेली माणसं तिकडेच अडकून पडली. तुझं काम लॅबमधलं आहे, नाशिकच्या घरातून इलेक्ट्रोलाइट ढवळता येणार नाही. मुलाखतीची पक्की तारीख हातात आल्याशिवाय आणि पीआयशी लांबलेल्या मुक्कामाबद्दल बोलून ठेवल्याशिवाय तेव्हाही जाऊ नकोस.

आईला आजच फोन कर. ‘बघू, प्रयत्न करते’ असं म्हणत एप्रिलपर्यंत लांबवलंस तर तिला जास्त लागेल. आणि मुहूर्त पुढे ढकला असं मात्र चुकूनही सुचवू नकोस.

हा जाहीरनामा मुळात बारा महिन्यांचा आहे. वाढवला नाही तर सप्टेंबर २०२६मध्ये संपेल. त्याविरुद्ध न्यायालयात दावेही आहेत. त्या आशेवर बसू नकोस, तुझी तारीख ३१ जुलै आहे.

आता पीआयकडे येऊ. अशी पत्रं मला नेहमी येतात आणि बहुतेकांत प्रोफेसर मनाने चांगलेच असतात. ‘करू’ म्हणताना त्यांच्या मनात काही काळंबेरं नसतं. त्यांना वाटतं आपण हो म्हटलं की मागची चाकं आपोआप फिरतात. पण एच-१बीचा अर्जदार विद्यापीठ असतं. प्रोफेसर नसतो आणि तूही नसतेस. आय-१२९ या फॉर्मवर विद्यापीठातर्फे सही करण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच असतो, आणि ते बहुधा आंतरराष्ट्रीय कार्यालयात बसतात. विभागाकडून विनंती आल्याशिवाय त्यांच्या लेखी तू अस्तित्वातच नाहीस. प्रोफेसरांचा नुसता शब्द म्हणजे हॉल बुक न करता पत्रिका वाटणं. विनंती बहुतेक ठिकाणी विभागातल्या प्रशासकीय कर्मचाऱ्याने पाठवायची असते, आणि प्रोफेसरने त्यांना सांगायचं असतं. तुझं प्रकरण दिवाळीपासून याच दोन टेबलांच्या मध्ये पडलंय.

तेव्हा भीड बाजूला ठेव. त्यांना ‘काय झालं?’ असं विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर ‘करू’ असंच येतं. ज्यावर त्यांना फक्त ‘हो’ लिहून पुढे पाठवता येईल असा ईमेल कर. त्यात तुझी तारीख असू दे. नेमणूक कधीपर्यंत आणि कुठल्या निधीतून चालू राहणार, शुल्क कुठल्या खात्यावर टाकायचं, आणि विभागात हे कोण सुरू करणार, एवढे प्रश्न विचार. सोबत पासपोर्ट, सगळे आय-२० (विद्यापीठाने दिलेले विद्यार्थी-दर्जाचे फॉर्म), ओपीटीचं कार्ड, पीएचडीची पदवी, अलीकडच्या पगारपावत्या आणि सीव्ही एकाच फाइलमध्ये जोड. निधीचा प्रश्न त्यांना आवडणार नाही, तरी विचार.

कामाचं वर्णन मात्र त्यांच्या भरवशावर सोडू नकोस. पीआय घाईत असला की फॉर्ममध्ये लिहितो: ‘प्रयोगशाळेतील संशोधनात मदत करणे.’ एच-१बीला असं काम लागतं ज्यासाठी विशिष्ट शाखेची किमान पदवी अत्यावश्यक आहे, आणि ‘मदत करणे’ वाचून तसं कुणालाही वाटणार नाही. तू मसुदा करून दे: लिथियम बॅटरीसाठी नवे इलेक्ट्रोलाइट तयार करणे, त्यांची वाहकता आणि स्थैर्य विद्युतरासायनिक पद्धतींनी मोजणे, निष्कर्षांचं विश्लेषण करून शोधनिबंध लिहिणे, पीएचडी विद्यार्थ्यांच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणे. आणि या प्रत्येकाला केमिकल इंजिनिअरिंग किंवा रसायनशास्त्राचं कुठलं उच्च शिक्षण लागतं, त्याची एकेक ओळ. जे करतेस तेच लिही, फुगवू नकोस.

बॅटरी म्हणतेस म्हणून आणखी एक कागद आधीच सांगून ठेवते. आय-१२९मध्ये एक भाग निर्यात नियंत्रणाचा असतो. तुला ज्या तंत्रज्ञानाला हात लावायला मिळणार आहे ते परदेशी नागरिकाला दाखवायला सरकारी परवाना लागतो का, याबद्दल विद्यापीठाला सही करून सांगावं लागतं. त्यासाठी एक प्रश्नावली पीआयकडे येते: उपकरणं कुठली, संरक्षण खात्याचा पैसा आहे का, कुठल्या कंपनीबरोबर गोपनीयतेचा करार आहे का. दिसायला दहा मिनिटांचं काम. पण ही प्रश्नावली पीआयच्या इनबॉक्समध्ये तीन आठवडे पडून राहते आणि सगळ्यांना वाटतं सरकारकडून उशीर होतोय. ती आली की त्याच दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभी राहा.

पगाराचं पण आताच बघ. अर्जाच्या आधी विद्यापीठाला कामगार खात्याकडून एलसीए मंजूर करून घ्यावा लागतो. तशाच कामाच्या इतर माणसांना तिथे जो पगार मिळतो तो, आणि त्या भागातला प्रचलित पगार, यांतला जो जास्त असेल तेवढा तरी तुला देऊ, अशी ती हमी असते. १९९८च्या कायद्यामुळे विद्यापीठांसाठी हा प्रचलित पगार शैक्षणिक आणि संशोधन संस्थांच्या आकड्यांवरून काढतात, खासगी कंपन्यांचे पगार त्यात धरत नाहीत. तरीही पोस्टडॉकचा पगार कधी कधी त्याच्या खाली भरतो. तसं झालं तर विभागाला तो खरोखर वाढवावा लागतो, कागदावर दाखवून भागत नाही, आणि ग्रँटच्या बजेटमध्ये ही वाढ कुठून आणायची यावर आठवडे जातात. तुझ्या पदाचा आकडा काय निघतो, हा प्रश्न कार्यालयाला पहिल्याच भेटीत विचार.

एलसीए दाखल करताना त्याची सूचनाही लावावी लागते, सहज नजरेला पडेल अशा दोन ठिकाणी, दहा दिवस. काही विद्यापीठं ती ऑनलाइन लावतात. बाकीच्यांकडे अजून विभागाच्या फलकावर, जुन्या सेमिनारांच्या पोस्टरांशेजारी, एक कागद टाचलेला दिसतो: पद अमुक, ठिकाण अमुक, पगार अमुक. नाव नसतं, पण एवढ्याशा विभागात कुणाचा कागद आहे हे सगळ्यांना कळतं. कॉफी घ्यायला आलेला कुणी आकडा वाचून भुवया उंचावेल. उंचावू दे. तो कायद्याने लावायचा कागद आहे, तुला संकोच वाटायचं काही कारण नाही.

वेळेचं गणित असं आहे. सुरुवातीच्या तारखेच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. १ ऑगस्ट धरली तर १ फेब्रुवारीलाच दार उघडलंय. एलसीएला कामगार खातं सात कामकाजाचे दिवस घेतं. त्याआधी विद्यापीठाची अंतर्गत छाननी असते, आणि तिला किती वेळ लागतो हे प्रत्येक ठिकाणी वेगळं, कधी दोन आठवडे, कधी दोन महिने. मग यूएससीआयएस. साध्या रांगेत निकालाला महिने लागू शकतात. प्रीमियम प्रोसेसिंगचं शुल्क भरलं, म्हणजे तीन हजार डॉलरच्या आसपास, तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत निकाल तरी येतो किंवा आणखी कागद मागणारं पत्र तरी. तुझ्या बाबतीत प्रीमियम हवंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण तुझे कंपनीत गेलेले मित्र तुला चुकीचा दिलासा देणार आहेत. ते म्हणतील, ‘ओपीटी संपला तरी कॅप-गॅप मिळतो, काम चालू ठेवता येतं.’ तो मिळतो लॉटरीवाल्यांना. २०००च्या कायद्याने विद्यापीठांना एच-१बीच्या वार्षिक मर्यादेतून वगळलं. त्यामुळे ६५ हजार अधिक २० हजार जागांसाठीच्या त्या लॉटरीतून तुला जावं लागत नाही आणि वर्षात कधीही अर्ज करता येतो. ही मोठी सोय आहे, पण तिच्यासोबत कॅप-गॅप येत नाही. ३१ जुलैपर्यंत मंजुरी आली नाही तर १ ऑगस्टपासून काम बंद. अर्ज वेळेत दाखल झालेला असेल तर इथे थांबता येईल, पण पगार घेता येणार नाही, आणि ‘मी तोवर फुकट काम करते’ असं म्हणूनही चालणार नाही. ओपीटीनंतरचे साठ दिवस सामान बांधायला दिलेले असतात, काम करायला नाहीत. म्हणून एप्रिल संपायच्या आत अर्ज जाईल हे पाहा. तोवर दर्जा चोख ठेव. पत्ता बदलला असेल तर कळव, आय-९८३चं (स्टेम ओपीटीच्या प्रशिक्षण आराखड्याचं) मूल्यमापन राहिलं असेल तर पूर्ण कर. दर्जाबदल नाकारला गेला तर काय होतं ते वर वाचलंसच.

काकांच्या वकिलाबद्दल: नको. बहुतेक विद्यापीठं बाहेरच्या वकिलाने तयार केलेल्या अर्जावर सहीच करत नाहीत, त्यामुळे तुझे तीन-चार हजार बुडतील आणि कार्यालयाशी वाकडं येईल ते वेगळंच. शिवाय एच-१बीच्या अर्जाचा खर्च नियमानुसार मालकाचा असतो, तो तुझ्यावर टाकून तुझा पगार ठरलेल्या आकड्याखाली आणता येत नाही. आणि विभागाला वाटतो तितका तो मोठाही नाही. आय-१२९चं मूळ शुल्क ७८० डॉलर, ना-नफा संस्थांना ४६०. फसवणूकविरोधी शुल्क ५००. कंपन्यांना जे १,५०० डॉलरचं प्रशिक्षण शुल्क पडतं ते विद्यापीठांना माफ आहे. वर प्रीमियम. पीआय एक लाखाची बातमी वाचून मनातल्या मनात हबकले असतील आणि म्हणून गप्प असतील, हीही शक्यता आहे. तसं असेल तर हे आकडे आणि २० ऑक्टोबरचा खुलासा त्यांच्यासमोर ठेव.

त्यांना आणखी एक धास्ती असू शकते: तीन वर्षांचा अर्ज केला आणि ग्रँट संपली तर? तर तीन वर्षांचा पगार द्यावा लागत नाही. मुदतीआधी नोकरी संपवली तर यूएससीआयएसला कळवायचं आणि तुझ्या मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च द्यायचा, एवढंच. हे सांगून तीन वर्षांची मुदत मागायला लाव. एकेका वर्षाचे अर्ज केले की दर वर्षी शुल्क, दर वर्षी प्रश्नावली आणि दर वर्षी तुझी झोप उडणार.

कार्यालयात गेलीस की एक गोष्ट सगळ्यात आधी विचार, माझ्या पत्राचा अर्धा भाग त्यावर अवलंबून आहे: ‘आपलं विद्यापीठ सध्या पोस्टडॉकसाठी नवे एच-१बी अर्ज करतंय का?’ काही विद्यापीठं फक्त प्राध्यापकांसाठी करतात. टेक्सासमध्ये गव्हर्नरांनी जानेवारी २०२६मध्ये सरकारी विद्यापीठांचे नवे अर्ज मे २०२७अखेरपर्यंत रोखले, विशेष लेखी परवानगी मिळाली तरच वाट मोकळी. तुमच्या राज्यात असं काही आहे का, हे पीआयपेक्षा कार्यालयाला आधी कळतं.

ते नाही म्हणाले किंवा वेळ पुरणार नाही असं दिसलं, तर जे-१ या देवाणघेवाण व्हिसावरच्या संशोधकाचा पर्याय विचार. तिथे विद्यापीठ स्वतःच त्यासाठीचा डीएस-२०१९ हा फॉर्म देतं, एलसीए नाही, एक लाख नाहीत. जे-१ म्हटलं की आपल्या लोकांना दोन वर्षं मायदेशी राहण्याच्या अटीची भीती असते. ती भारतीयांना बहुतेकदा अमेरिकेच्या कौशल्ययादीमुळे (कुठल्या मायदेशाला कुठल्या कौशल्यांची गरज आहे त्याची यादी) लागायची, आणि डिसेंबर २०२४च्या नव्या यादीतून भारत वगळला गेलाय. सरकारी पैशावरच्या नेमणुकीत मात्र ती अट अजूनही लागू शकते, आणि तुझी ग्रँट कुठली आहे ते मला माहीत नाही. पण जे-१वर असताना ग्रीन कार्डाच्या दिशेने हालचाल करणं अडचणीचं असतं. माझ्या लेखी हा दुसऱ्या क्रमांकाचाच पर्याय.

कंपनीबद्दल थोडक्यात. विद्यापीठाचा एच-१बी घेऊन नंतर कंपनीत जायचं तर लॉटरीतून जावं लागतंच, कारण तुझी मोजणी मर्यादेत कधी झालेलीच नसते. २०२६पासून त्या लॉटरीत जास्त पगाराच्या पदांना झुकतं माप आहे. विद्यापीठातली नोकरी चालू ठेवून सोबत कंपनीत अर्धवेळ काम करायचं असेल तर लॉटरीची गरज नाही, पण कंपनीला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. हे पुढच्या वर्षीचं बघू.

ग्रीन कार्डासाठी विद्यापीठाकडे आत्ता हात पसरू नकोस. नामवंत संशोधकांच्या ईबी-१बी गटात विद्यापीठ अर्ज करतं, पण त्यासाठी कायमस्वरूपी संशोधनपद लागतं, आणि पोस्टडॉक सहसा त्यात बसत नाही. तुझ्या हातात असलेली वाट म्हणजे राष्ट्रहिताची सूट, एनआयडब्ल्यू. त्याचा अर्ज, म्हणजे आय-१४०, तू स्वतः भरू शकतेस, मालक लागत नाही. इथे स्वतःचा वकील कर, काकांना विचारून कर. एनआयडब्ल्यू ज्या ईबी-२ गटात येते, त्यात भारतात जन्मलेल्यांची रांग भयंकर आहे. २०२५च्या मध्याला जानेवारी २०१३च्या आधी नंबर लावलेल्यांचीच पाळी चालू होती. म्हणून रांगेतली तारीख जितकी लवकर पडेल तितकी बरी, कारण तीच तारीख पुढे ईबी-१मध्ये गेलीस तरी सोबत नेता येते. आणि मंजूर आय-१४० हातात असला, तर एच-१बीची सहा वर्षं संपल्यावरही रांगेत उभं असताना मुदत तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळते. फक्त एक क्रम पाळ: आधी एच-१बी, मग आय-१४०. एफ-१वर असताना कायम राहण्याचा इरादा कागदावर आणायची तुला काही गरज नाही. एच-१बीवर तो इरादा चालतो.

पीआयना ईमेल आज पाठव आणि विभागातल्या प्रशासकांना त्याच ईमेलमध्ये सीसी कर. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रशासकांच्या टेबलाशी जा आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे विनंती पाठवण्याचा तो फॉर्म तुझ्यासमोर उघडून घे. आणि पासपोर्टची मुदत बघ. वर्षभरात संपत असेल तर भारतीय वकिलातीकडे नूतनीकरणाचा अर्ज आताच टाक.

– ताई